दोन जिवांची: दुसरा जीव नेमका कधीपासून?

गेल्या महिन्यात भाची कोथरूडहून आली ती एक फाइल घेऊन. पावसाला नुकती सुरुवात झाली होती. स्वतः भिजली होती, पण फाइल तिने ओढणीखाली कोरडी ठेवली होती. आत क्लिनिकचा फॉर्म होता. साडेपाच वर्षांपूर्वी तिने आयव्हीएफ केलं तेव्हा चार भ्रूण तयार झाले. त्यातल्या एकाचा आज साडेचार वर्षांचा मुलगा झालाय. शेजारच्या खोलीत तो माझा शंखांचा जुना डबा उपसत बसला होता. उरलेले तीन द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांना गोठवून ठेवलेत. पुढच्या वर्षाचं भाडं भरून ते ठेवायचे, संशोधनाला द्यायचे, की नष्ट होऊ द्यायचे, यांपैकी एका चौकटीत खूण करून सही करायची होती.

"मावशी, तू एकतीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलंस," ती म्हणाली. "मला एवढंच सांग, ते तिघे कोण आहेत? हा जसा 'हा' आहे, तसे ते 'ते' आहेत का?"

त्या संध्याकाळी मी तिला जे सांगितलं ते तुटक होतं. म्हणून आता नीट बसून लिहितेय. आयव्हीएफ, गर्भपात, अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण यांतलं काहीतरी ज्यांच्या घरात घडलंय अशा कितीतरी जणांना हा प्रश्न कधी ना कधी टोचतो. त्यांच्या वाट्याला बहुधा एक तर प्रवचन येतं किंवा पाठ्यपुस्तकातली आकृती.

आधी शब्द सोडवून घेऊ, कारण निम्मा गुंता तिथेच आहे. आपला 'जीव' हा शब्द फार कामं करतो. मुंगीत जीव असतो, नातवावर जीव जडतो, आणि गरोदर बाई दोन जिवांची असते. 'जीवन कधी सुरू होतं' असं विचारलं की तीन निराळे प्रश्न एकाच पिशवीत पडतात. समोर जे आहे ते जिवंत आहे का, हा पहिला. ते एक, मोजता येईल असं स्वतंत्र माणूसशरीर आहे का, म्हणजे पुढे जो कोणी जन्मेल तो हाच का, हा दुसरा. आणि ते 'कोणी' आहे का, ज्याला इजा केली तर त्याच्यावर अन्याय झाला असं म्हणावं लागेल, हा तिसरा. पहिला जीवशास्त्राचा आहे. दुसऱ्यात जीवशास्त्र आणि तत्त्वज्ञान दोघांचीही गरज लागते. तिसऱ्यात सूक्ष्मदर्शक फारसा कामाला येत नाही.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे, आणि मला ते अजूनही चकित करतं. जिवंतपणा गर्भात सुरू होतच नाही, तो आधीपासून चालत आलेला असतो. स्त्रीबीज जिवंत असतं, शुक्राणू जिवंत असतो, आणि दोन्ही मानवीच असतात. मुलीच्या अंडाशयातली बीजं ती आईच्या पोटात असतानाच तयार होतात. पाचव्या महिन्याच्या सुमारास ती साठ-सत्तर लाखांच्या घरात असतात, मग घटत जातात. म्हणजे भाचीच्या मुलाचं अर्धं बीज माझी बहीण दोन जिवांची होती तेव्हाच तिच्या पोटातल्या मुलीच्या पोटात होतं. हे ऐकून भाची बराच वेळ गप्प बसली. ही साखळी कितीही मागे नेली, आजीच्या आजीपलीकडे, माणूस नावाचा प्राणीच नव्हता तिथपर्यंत नेली, तरी मधे कुठे निर्जीव कडी लागत नाही. त्यामुळे 'गर्भ जिवंत आहे' हे वाक्य पूर्ण खरं आहे, पण त्याने वाद सुटत नाही. आपल्या गालाच्या आतल्या पेशीही जिवंत मानवी पेशीच असतात.

दुसऱ्या प्रश्नावर सर्वांत जास्त वेळ द्यावा लागेल.

पुष्कळांचं उत्तर असतं, 'फलनाच्या क्षणी'. त्यामागे भक्कम कारण आहे. आईकडची तेवीस आणि बापाकडची तेवीस गुणसूत्रं एकत्र येतात आणि पूर्वी कधीच नव्हती अशी एक जुळणी तयार होते. त्याआधी स्त्रीबीज एकटं माणूस होऊ शकत नसतं, त्यानंतर योग्य जागा मिळाली तर वाढीचा एक अखंड ओघ सुरू होतो. ऑस्कर हर्टविग या जर्मन शास्त्रज्ञाने १८७६ साली समुद्री सायाळीच्या अंड्यात शुक्राणूचं केंद्रक आणि अंड्याचं केंद्रक जवळ येऊन एक होताना पाहिलं. आपण शाळेत शिकलेलं चित्र तिथून आलं.

पण माणसात हा 'क्षण' शोधायला गेलं की तो लांबत जातो. शुक्राणू बीजाच्या आवरणाला चिकटतो, आत शिरतो, बीजाचं अर्धवट राहिलेलं विभाजन तेव्हा कुठे पुरं होतं. मग आईकडचं आणि बापाकडचं अशी दोन वेगळी केंद्रकं तयार होतात आणि तासन् तास शेजारी शेजारी बसून राहतात. आयव्हीएफच्या प्रयोगशाळेत दुसऱ्या दिवशी सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली हीच दोन वर्तुळं बघतात. पुढे त्यांची आवरणं विरतात, गुणसूत्रं एका रांगेत येतात आणि पेशी लगेच दुभंगते. आई-बापांची गुणसूत्रं एकाच केंद्रकात पहिल्यांदा दिसतात ती दोन पेशी झाल्यावर. या सगळ्याला एक दिवस आणि वर थोडा वेळ जातो. शिवाय नव्या जुळणीतली जनुकं खऱ्या अर्थाने कामाला लागतात ती चार ते आठ पेशींच्या टप्प्यावर. तोवर घर आईने बीजात भरून ठेवलेल्या शिदोरीवर चालतं.

जर्मनीने १९९० साली भ्रूणसंरक्षणाचा कडक कायदा केला. त्यात केंद्रकं एकत्र येण्याचा टप्पा ही हद्द ठरवली. त्यामुळे तिथे दोन केंद्रकं शेजारी असतानाच बीज गोठवलं तर तो अजून 'भ्रूण' ठरत नाही, काही तासांनी ठरतो. कायद्याला कुठेतरी रेघ मारावीच लागते. पण तिथे निसर्गाने आधी रेघ मारलेली होती असं म्हणवत नाही.

त्याहून मोठी अडचण वेगळी आहे. नवी गुणसूत्रं म्हणजे नवा माणूस, हे समीकरण दोन्ही बाजूंनी फसतं. कधी कधी गुणसूत्रं नसलेल्या रिकाम्या बीजात शुक्राणू शिरतो आणि बापाचीच गुणसूत्रं दुप्पट होतात. आकडा सेहेचाळीसच भरतो, गर्भाशयात वाढही होते, पण तयार होतो तो द्राक्षांच्या घोसासारखा फोडांचा गोळा. आपल्याकडे डॉक्टर त्याला द्राक्षगर्भ म्हणतात. त्यात बाळ कधीच नसतं. उलट एकसारख्या जुळ्यांची गुणसूत्रं जवळजवळ एकच असतात, तरी ती माणसं दोन असतात, हे सांगायला कुणाला शास्त्रज्ञ लागत नाही.

जुळ्यांपाशी जरा थांबू, कारण तत्त्वज्ञांनी इथेच सगळ्यात जास्त डोकं लावलंय.

एकसारखी जुळी हजार बाळंतपणांत तीन-चार ठिकाणी होतात. फलित झालेलं एकच बीज पुढच्या काही दिवसांत दुभंगतं. पहिल्या तीन दिवसांत दुभंगलं तर दोघांना बहुधा वेगवेगळी वार (पोटात बाळाला पोसणारा अवयव, प्लासेंटा) मिळते, चौथ्या ते आठव्या दिवसात दुभंगलं तर वार एक पण पाणपिशव्या दोन, त्याहून उशीर झाला तर पिशवीही एक. तेराव्या दिवसानंतर दुभंग पुरा होत नाही आणि शरीरं जोडलेली राहतात. आता विचार करा. पहिल्या दिवशी जर तिथे 'एक माणूस' होता, त्याला अ म्हणू, तर दुभंगल्यावर तो कुठे गेला? नवे दोघे, ब आणि क, हे दोघेही अ असू शकत नाहीत, कारण मग ब आणि क एकच ठरतील. फक्त ब हाच अ आहे म्हणायला काही कारण नाही, दोघे अगदी सारखे. मग अ मेला का? प्रेत नाही, काही बंद पडलं नाही, कुणाला शोकही नाही. याच्या उलटही क्वचित घडतं. दोन वेगवेगळे भ्रूण सुरुवातीच्या दिवसांत एकमेकांत मिसळून एकच बाळ होतं आणि त्याच्या अंगात दोन तऱ्हांच्या पेशी नांदतात. तिथे आधी दोन माणसं होती आणि एक नाहीसा झाला असं म्हणायचं का?

यावरून पुष्कळ जण म्हणतात, जोवर एकाचे दोन होऊ शकतात तोवर 'एक व्यक्ती' आहे असं म्हणता येत नाही. १९८८ साली नॉर्मन फोर्ड या कॅथलिक धर्मगुरूनेच हे मत सविस्तर मांडलं, म्हणून त्याचा गाजावाजा जास्त झाला.

माझं मत पहिल्यांदा याच बाजूला झुकलं होतं. ते डळमळलं आघारकर संशोधन संस्थेमुळे. पुण्यातल्या लॉ कॉलेज रस्त्याजवळच्या या संस्थेत हायड्रा या गोड्या पाण्यातल्या चिमुकल्या प्राण्यावर बरंच काम झालंय. हायड्राचे दोन तुकडे केले तर दोन्हींपासून पुरा हायड्रा होतो. म्हणून कापण्याआधी तो एक प्राणी नव्हता का? होताच की. एम्प्रेस गार्डनमधून आणलेल्या गुलाबाची फांदी कापून कलम लावलं तर नवं झाड होतं, म्हणून जुनं झाड एक नव्हतं असं कोणी म्हणत नाही. दुभंगता येणं आणि एक असणं यांचं वैर नाही. फलनाच्या बाजूचे तत्त्वज्ञ हेच उत्तर देतात आणि ते चांगलं उत्तर आहे. एवढंच म्हणता येतं की बहुतेक भ्रूण दुभंगत नाहीत, आणि जे दुभंगतात तिथे कलमासारखं काहीतरी होत असावं.

तरीही माझं समाधान होत नाही, आणि त्याचं कारण जुळी नाहीत, वार आहे. पाचव्या दिवशी भ्रूण म्हणजे शंभर-दीडशे पेशींचा पोकळ चेंडू असतो. त्यातल्या बहुतेक पेशी बाहेरच्या भिंतीच्या. त्या गर्भाशयात रुजून वार होणार असतात. आत एका बाजूला चिकटलेला छोटा पुंजका उरतो, आणि त्यातल्याही सगळ्याच पेशी बाळाच्या अंगात येत नाहीत, काही पाणपिशवीच्या पडद्यांना जातात. पाचव्या दिवशीच्या चेंडूला 'हे बाळ' म्हणायचं तर त्याचा मोठा भाग म्हणजे पुढे बाळंतपणात वेगळी पडणारी, पूर्वी अंगणात पुरली जाणारी वार. शरीर कोणतं आणि शरीराची पोशिंदी कोणती, ही वाटणीच तिथे अजून पुरी झालेली नाही. गुलाब कापण्याआधी गुलाब असतो, त्याला मूळ, खोड, फांदी असते. चेंडूला अजून पुढचं-मागचं, डावं-उजवं काही नाही.

ते येतं साधारण चौदाव्या-पंधराव्या दिवशी. पेशींच्या चपट्या थाळीवर एक बारीक पन्हळ उमटते. प्राणिशास्त्रात तिला आदिरेषा म्हणतात. तिच्यामुळे डोकं कुठे, शेपटाचं टोक कुठे, हे पहिल्यांदा ठरतं. एक रेषा उमटली तर एक शरीर, दोन उमटल्या तर दोन. ब्रिटनमध्ये १९७८ साली पहिलं टेस्ट ट्यूब बाळ जन्मल्यावर सरकारने एक समिती नेमली. तिच्या अध्यक्ष मेरी वॉर्नॉक या तत्त्वज्ञ होत्या. १९८४ च्या अहवालात त्यांनी प्रयोगशाळेत भ्रूण चौदा दिवसांपलीकडे वाढवू नये अशी शिफारस केली, १९९० मध्ये तिचा कायदा झाला, आणि मग अनेक देशांनी तोच आकडा उचलला. इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. चौदाव्या दिवशी आत्मा येतो असं वॉर्नॉक कधी म्हणाल्या नाहीत. लोकांना पाळता येईल आणि तपासता येईल अशी रेघ हवी होती, आणि तिथे निसर्गात खरोखरच काहीतरी घडतं, म्हणून ती तिथे मारली. तेव्हा प्रयोगशाळेत चौदा दिवस भ्रूण जगवणं कुणाला जमतही नव्हतं. अलीकडे ते जवळ आलं, आणि २०२१ मध्ये मूलपेशी संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने आपल्या नियमावलीतली ही सरसकट बंदी सैल केली.

हे सगळं पश्चिमेचं झालं, आपल्याकडे काय होतं असं भाचीनेही विचारलं. आपल्याकडे उत्तरं एकाहून जास्त होती, आणि मला त्याचा अभिमान वाटतो. चरकसंहिता म्हणते की शुक्र, शोणित आणि जीव हे तिन्ही कुशीत एकत्र आले की त्याला गर्भ म्हणायचं. म्हणजे जीव पहिल्यापासून. गर्भोपनिषद वेगळा हिशेब मांडतं. एका रात्रीत कलल, सात रात्रींत बुडबुडा, पंधरवड्यात पिंड, महिन्याने तो घट्ट, दोन महिन्यांनी डोकं, असं करत सातव्या महिन्यात गर्भ जीवाशी जोडला जातो. सुश्रुताच्या मते चौथ्या महिन्यात हृदय स्पष्ट होतं आणि चेतना प्रकट होते. तेव्हापासून बाई 'दौहृदिनी', दोन हृदयांची, आणि तिला जे खावंसं वाटतं ती दुसऱ्या हृदयाचीही इच्छा. आपला 'डोहाळे' हा शब्द याच कुळातला. डोहाळजेवणाला झोपाळा बांधताना आपण एका जुन्या तत्त्वज्ञानाच्या मताला दाद देत असतो, हे मला फार उशिरा कळलं.

सुश्रुतातच एक सुंदर वाद आहे. गर्भाचा कोणता अवयव आधी होतो? शौनक म्हणतो डोकं, कृतवीर्य म्हणतो हृदय, पाराशर्य नाभी, मार्कंडेय हातपाय. धन्वंतरी सगळ्यांना खोडून काढतो. सगळं एकदमच असतं, सूक्ष्म असल्यामुळे दिसत नाही, आंब्यात असतं तसं. पिकल्यावर गर, रेषा, कोय वेगवेगळी दिसतात, कोवळ्या कैरीत दिसत नाहीत. आजच्या विज्ञानाच्या तराजूत धन्वंतरी चुकला. अवयव एकदम नसतात, एकामागून एक घडतात. पण 'दिसत नाही' आणि 'नाही' यांतला फरक त्याने नेमका पकडला, आणि आजचा अर्धा वाद त्याच फरकावर चाललाय.

ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलने मुलासाठी चाळीस दिवस आणि मुलीसाठी नव्वद दिवस अशी हद्द सांगितली होती. मुलींना उशीर का, ते विचारू नका. थॉमस अक्वायनस हा ख्रिस्ती तत्त्वज्ञही आत्मा टप्प्याटप्प्याने येतो असंच मानत होता. आत्मा आलेला आणि न आलेला गर्भ यांतला भेद कॅथलिक चर्चने आपल्या दंडसंहितेतून कायमचा काढला तो १८६९ साली. धर्माचं मत एकच आणि अनादी असतं, असं कुणी ठासून सांगितलं तर हे आठवावं.

आता तिसरा प्रश्न. हृदयापासून सुरू करू, पण तिथे फार थांबायला नको. फलनानंतर बाविसाव्या दिवसाच्या आसपास एक नळी आकुंचन पावू लागते. सोनोग्राफीच्या खोलीत ती धडधड दाखवली की डोळे भरून येतात, माझेही आले होते. पण त्या वेळी ऐकणारा मेंदू नसतो.

मेंदूचा मुद्दा जास्त खोल आहे. भारतात १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने मेंदूमृत्यू हा मृत्यू मानला. हृदय यंत्राच्या मदतीने चालू असलं तरी मेंदूचा खोड-भाग कायमचा बंद पडला तर माणूस गेला. मग शेवट मेंदूने ठरतो तर सुरुवातही मेंदूने का ठरू नये? कानातून, त्वचेतून आलेली वर्दी मेंदूच्या बाहेरच्या थरापर्यंत नेणारे धागे साधारण चोविसाव्या आठवड्याच्या आसपास जोडले जातात. त्याआधी काही 'जाणवत' असेल असं मानायला आधार फार कमी आहे. त्यानंतर मात्र चित्र बदलतं. अभिमन्यूने पोटात चक्रव्यूह ऐकल्याची गोष्ट आपण सगळे ऐकत आलो. चक्रव्यूह नाही, पण शेवटच्या महिन्यांत आईचा आवाज बाळ ऐकतं आणि जन्मल्यावर तो ओळखतं, हे १९८० साली प्रयोगातून दाखवलं गेलं.

या युक्तिवादात एक भोक आहे आणि ते झाकणं बरोबर नाही. मेंदूमृत झालेल्याचा मेंदू परत कधीच येणार नसतो, भ्रूणाचा येणार असतो. डॉन मार्क्विस या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९८९ मध्ये हेच धरून विचारलं, माणसाला मारण्यात वाईट काय असतं? त्याचं पुढचं सारं आयुष्य हिरावलं जातं, हेच ना? मग गर्भाचंही तेच हिरावलं जातं. हा युक्तिवाद मला अजून पुरता पचलेला नाही. त्यावर मी इतकंच म्हणते. मोहोर गळला तर हापूस गेला असं शेतकरी हळहळतो, पण मंडईत कुणी मोहोराला पेटीचा भाव देत नाही. 'होणार आहे' म्हणजे 'आहे' नव्हे. शिवाय निसर्गतःच फलित बीजांपैकी जन्मापर्यंत न पोचणाऱ्यांचं प्रमाण ४० ते ६० टक्के असावं असा अंदाज आहे, त्यातली पुष्कळ तर दिवस गेलेत हे कळायच्या आधीच जातात. प्रत्येकाला एक पुरा माणूस म्हणायचं, तर मानवजातीतला सर्वांत मोठा मृत्यू हाच, आणि आपण त्याच्यासाठी कधी काहीही केलेलं नाही. फलनवादी माणसंही त्यांचं सुतक पाळत नाहीत. यावरून ते खोटं बोलतात असं मी म्हणत नाही. मनात खोलवर आपण सगळेच पायऱ्या मानतो, एवढंच यातून दिसतं.

पायऱ्या मानल्या की लगेच आक्षेप येतो. तेवीस आठवडे सहा दिवस आणि चोवीस आठवडे, यांत असा काय फरक? काहीच नाही. पण तळजाईच्या टेकडीवर पहाटे फिरायला जाणाऱ्या कुणालाही विचारा, रात्र नेमकी कोणत्या मिनिटाला संपली? आपल्या भाषेत झुंजूमुंजू आहे, तांबडं फुटणं आहे, फटफटणं आहे, उजाडणं आहे. मिनिट सांगता येत नाही म्हणून रात्र आणि दिवस एकच, असं कुणी म्हणत नाही.

कायद्याने आपल्यापुरत्या निरनिराळ्या रेघा मारल्यात, त्या प्रत्येक वेगळ्या कामासाठी आहेत. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात बाप वारला तेव्हा पोटात असलेलं मूल वारस ठरतं, पण ते जिवंत जन्मलं तरच. गर्भपाताचा कायदा १९७१ चा. २०२१ च्या दुरुस्तीने काही स्त्रियांसाठी मर्यादा वीसवरून चोवीस आठवड्यांवर आली, आणि गर्भात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळ त्यापुढेही परवानगी देऊ शकतं. हे आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात, म्हणजे पहिल्या दोन आठवड्यांत गर्भ नसतोच. २०२१ च्याच आयव्हीएफसंबंधीच्या कायद्याने भ्रूण जास्तीत जास्त दहा वर्षं ठेवता येतो, पुढे तो नष्ट होऊ द्यायचा किंवा संमतीने संशोधनाला द्यायचा. यातल्या कुठल्याही कलमात 'माणूस इथे सुरू होतो' असं लिहिलेलं नाही, आणि ते बरंच आहे.

एका शब्दाबद्दल मात्र बोललंच पाहिजे. 'स्त्रीभ्रूणहत्या'. गर्भलिंगनिदानाविरुद्ध पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्राने केला, देशाचा १९९४ मध्ये आला. त्यासाठी लढणाऱ्या बायांना मी जवळून पाहिलंय. पण 'हत्या' म्हटलं की तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर विचार न करताच दिलं जातं, आणि ते मग प्रत्येक गर्भपाताला चिकटतं. स्वतःच्या कारणाने, कायद्यात बसणारा गर्भपात करून घेणारी बाई खुनी वाटू लागते. लिंगनिवडीत अन्याय आहे, घोर अन्याय आहे, तो मुलगी नको म्हणणाऱ्या समाजाने जन्मलेल्या आणि जन्मणाऱ्या प्रत्येक मुलीवर केलेला. तो दाखवायला पाच आठवड्यांच्या गर्भाला व्यक्ती ठरवायची गरज नाही. चळवळीतल्याच अनेक जणी म्हणून 'गर्भलिंगनिवड' हा शब्द वापरतात. तुम्हीही वापरावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आणि हे सगळं बोलताना जिच्या पोटात हे घडतं ती बाजूला राहते. ज्युडिथ जार्व्हिस थॉमसन या अमेरिकन तत्त्वज्ञ बाईंनी १९७१ मध्ये दाखवलं की गर्भ ही व्यक्ती आहे असं मान्य केलं तरी एका माणसाने दुसऱ्याला नऊ महिने आपलं शरीर द्यायचं की नाही, हा प्रश्न वेगळा शिल्लक राहतोच. पुण्यात २०१७ साली देशातलं पहिलं गर्भाशय प्रत्यारोपण झालं, आईने मुलीला गर्भाशय दिलं, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये त्या मुलीला मुलगी झाली. आई ज्या गर्भाशयात वाढली त्याच गर्भाशयात लेक वाढली. अशा शस्त्रक्रियेआधी भ्रूण तयार करून गोठवून ठेवतात. तिथेही आधी कुणीतरी आपलं शरीर उघडून दिलं, मग भ्रूणाचं बाळ झालं.

तर भाचीचे तीन. माझं मत मी तिला स्पष्ट सांगितलं. ते जिवंत आहेत, मानवी आहेत, कचरा नाहीत. पण ते पाचव्या दिवशीचे चेंडू आहेत. वार कोण आणि बाळ कोण हे अजून ठरलेलं नाही, एक होणार की दोन हे ठरलेलं नाही, आणि जाणवणं तर फार दूर आहे. माझ्या लेखी ते 'कोणी' नाहीत.

ती म्हणाली, "पण हाही तसाच होता ना?"

आणि फाइलमधून तिने एक छापील फोटो काढला. राखाडी रंगात चार गोल, प्रत्येकाखाली आकडा. दुसऱ्यावर पेनाने खूण. तो हा. तिच्या बोलण्यातलं बळ मला तेव्हा कळलं. मुलापासून मागे मागे गेलं की रेषा सरळ त्या गोलापर्यंत जाते आणि वाटतं, तो तिथेच होता, वाट बघत. पण पुढे तोंड करून उरलेल्या तीन गोलांकडे पाहिलं तर बोट दाखवायला कुणी नाही. तिथे एकेकातून एक निघेल, दोन निघतील, बहुधा एकही निघणार नाही. मागून दिसणारी सरळ रेषा पुढून दिसत नाही. आपल्या माणसावर जीव जडलेला असतो, आणि तो जडलेला जीव आपण मागे नेऊन त्या गोलात ठेवतो. त्यात चूक काही नाही. फक्त तो जीव तिचा आहे, त्या गोलाचा नाही, असं मला वाटतं. तिला ते पटलं की नाही, मला ठाऊक नाही. तिने फोटो परत जपून ठेवला.

मुलगा तेवढ्यात एक शंख घेऊन आला आणि यात कोण राहायचं असं विचारू लागला.

फॉर्मची मुदत महिनाअखेरपर्यंत आहे. सही दोघांची लागते, म्हणून येत्या रविवारी तिचा नवराही येणार आहे.